अर्धं जावळ आणि चार बाजार

बालवाडीच्या बाईकडे सामान ते काय असतं? एक फळा, चार खडू, दोन तुटकी खेळणी आणि मोठा आवाज. माझ्याकडे याखेरीज चिंचोक्यांची एक पिशवी होती. ती रिकामी झाली की माझी निम्मी विद्या संपायची.

परवा हे सगळं आठवायला कारण घडलं. नगरला सावेडीत माझी नात ज्या शाळेत जाते, तिथं पालकांची सभा होती. सुनेला वेळ नव्हता म्हणून मी गेले. एका तरुण समुपदेशक मुलीनं आम्हाला एक तक्ता दाखवला. काही मुलांचं लक्ष एका जागी टिकत नाही, ती सारखी उठतात, त्यांना रागावून उपयोग नसतो, ती थोडा वेळ जरी बसली तरी लगेच तक्त्यावर एक चांदणी चिकटवायची, असं तिनं फार छान समजावून सांगितलं. याला वर्तनोपचार म्हणतात, असंही सांगितलं. मी शेजारच्या आजोबांना हळूच म्हटलं, हे मी पन्नास वर्षांपूर्वी काष्टीत केलंय, चिंचोके घेऊन. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. घरी कोणी सोबत आहे का, असंही विचारलं. तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माझे यजमान सोसायटीत क्लार्क होते आणि त्यांची बदली श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीला झाली होती. मी नगरची, लग्नाआधी बालवाडीचा कोर्स केलेली. गावातल्या महिला मंडळानं मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत बालवाडी काढली आणि बाई म्हणून मला बसवलं. तीस-पस्तीस मुलं, वयं तीन ते सहा. खोलीला दार एक आणि खिडकी एक. दारातून रस्ता दिसायचा, आणि रस्त्यावरून काष्टीत काय जात नाही? बैल, शेळ्या, उसाच्या गाड्या, बाजाराच्या दिवशी तर अख्खा तालुका. अशा दाराकडे पाठ करून तीस पोरांनी माझ्या तोंडाकडे बघायचं, अशी माझी अपेक्षा होती. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, त्यामुळे अपेक्षा भरपूर असायच्या.

म्हसू आला तो अर्ध्या डोक्यानं. म्हणजे डोकं पूर्ण होतं, केस अर्धे होते. उजवी बाजू तुळतुळीत आणि डाव्या बाजूला खांद्यापर्यंत रुळणारी झुलपं. बाकीची मुलं गाणं विसरून त्याच्याकडे बघत राहिली आणि तो तेवढ्यात खिडकीतून बाहेर गेलासुद्धा.

त्याची आई चंद्राबाई दारातच उभी होती. तिनं सांगितलेली हकीकत अशी: म्हसूचं जावळ पाचव्या वर्षी म्हसोबापुढं काढायचं, असा त्याच्या आजोबांनी नवस बोललेला होता. जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस. ते मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मामा नेवाशाकडून नवे कपडे घेऊन आला, बोकड कापलं, भाऊबंद जमले. सखाराम न्हाव्यानं निम्मं डोकं उरकलं आणि म्हसू मामाच्या मांडीवरून उडी मारून जो पळाला तो लिंबाच्या झाडावर जाऊन बसला. दुपारपर्यंत उतरला नाही. मंडळी जेवून गेली. बोकड पूर्ण संपलं, जावळ अर्धं राहिलं.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी हसलेही. दुसऱ्या दिवशी म्हसूचे आजोबा आले तेव्हा हसू थांबलं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. उंच, वाळलेले, पटका बांधलेले. मी सतरंजी टाकली, पण ते उभ्यानंच बोलले.

"बाई, पोरगं वाईट न्हाई. पर त्याच्या अंगात कायतरी शिरलंय. जेवताना उठतंय, निजताना उठतंय, येका जागी ठरत न्हाई. आता जावळ अर्धं ऱ्हायलं म्हंजे देवाचाबी कोप. जनावराच्या बाजारात डाग देनारा बसतो. बैलाला गुन येतो, तर पोराला का येनार न्हाई? पोटावर दोन डाग दिलं की बसंल गप."

डाग म्हणजे तापवलेल्या लोखंडाचा चटका. मी तोवर फक्त ऐकून होते. समोर सतरंजीच्या कडेवर म्हसू एका पायावर उड्या मारत होता, आणि त्याचं पोट सदऱ्याच्या तुटलेल्या गुंडीतून दिसत होतं. तात्या दुष्ट नव्हते, हीच तर पंचाईत होती. नातवावर त्यांचा जीव होता आणि त्यांना तेवढंच औषध माहीत होतं.

मी म्हणाले, "तात्या, मला थोडे दिवस द्या. मी त्याला बसवून दाखवते. चटका न देता."

माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. तात्यांनी मला खालीवर पाहिलं आणि चार बाजारांची मुदत दिली. म्हणजे चार आठवडे. चौथ्या बाजाराच्या दिवशी सकाळी मामाला बोलवायचं, सखारामला बोलवायचं आणि राहिलेलं जावळ काढायचं. म्हसू बसला तर ठीक. नाही बसला तर तसाच उचलून बाजारात न्यायचा.

माझं भांडवल काय होतं, तर कोर्सच्या वेळी पुण्याहून आलेल्या एका मानसतज्ज्ञ बाईंची चार व्याख्यानं. त्यांना आम्ही मालतीताई म्हणायचो. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की काही मुलांचं मन चटकन दुसरीकडे जातं. ती मुद्दाम करत नाहीत. आपण मात्र ती उठली की ओरडतो आणि बसली की विसरून जातो. म्हणजे उठल्यावर आपलं सगळं लक्ष त्यांना मिळतं आणि बसल्यावर काहीच नाही. हे उलटं करायचं. बसलेलं असताना पकडायचं, त्याच क्षणी शाबासकी द्यायची आणि हातात काहीतरी ठेवायचं. तशा पाच-सहा वस्तू जमल्या की त्याच्या आवडीचं काम करू द्यायचं. वाचायला सोपं आहे. पस्तीस मुलांत करून बघा.

वस्तू म्हणून मी चिंचोके निवडले, कारण देवळामागं चिंचेची झाडं होती. म्हसूला सगळ्यात आवडायची ती बालवाडीची घंटा, म्हणजे टांगलेला लोखंडी तुकडा. पाच चिंचोके जमले की घंटा वाजवायला मिळेल, असं मी जाहीर केलं. आणि चिंचोका कधी? तर सकाळची प्रार्थना संपेपर्यंत जागेवर बसला तर.

आठवडाभरात त्याला एकही चिंचोका मिळाला नाही. प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीलाच तो उठायचा. तिसऱ्या दिवसापासून तर त्यानं माझ्या पिशवीकडे बघणंच सोडलं. उलट शहाणी मुलं बिघडली. कुसुम नावाची एक अगदी गुणी मुलगी प्रार्थनेत उड्या मारायला लागली. विचारलं तर म्हणाली, "मलाबी आजार झालाय, मला चिंचोका द्या." पहिला बाजार असा गेला. त्या संध्याकाळी मी यजमानांपुढं रडले आणि मग मालतीताईंना पोस्टकार्ड लिहिलं.

उत्तर चार ओळींचं आलं. तो आत्ता किती वेळ बसू शकतो ते मोजलंत का, असं त्यांनी विचारलं होतं. मला स्वतःचा असा राग आला की सांगता सोय नाही. मी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात आकडे म्हणत मोजलं. म्हसू तेवीस आकड्यांपर्यंत बसायचा, कधी सव्वीस. आणि मी त्याच्याकडून मागत होते अख्खी प्रार्थना. पाण्यात पहिल्यांदा पाय टाकणाऱ्याला पलीकडच्या काठावर ये म्हणण्यातला तो प्रकार होता.

मग मी वीसवर आले. वीस आकडे बसला की चिंचोका. पहिला चिंचोका हातात पडला तेव्हा त्यानं तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई पुन्हा काढून तर घेणार नाही ना. त्याची जागा मी दारापासून हलवून फळ्याजवळ केली. उठणारच आहे, तर उठायचं कामच दिलं: पाणी आण, पाट्या वाट, सतरंजी झटक. उठला तर मी त्याच्याकडे बघायचंच नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. माझा स्वभाव तापट. ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड कितीदा तरी मी खोकून मिटलं. त्या महिन्यात गावातल्या बायकांना वाटलं की बाईंना खोकला झालाय. एकीनं अडुळसाही आणून दिला. कुसुमसारख्यांची समजूत पटावी म्हणून शेवटी सगळ्यांनाच चिंचोके सुरू केले, ज्याला जे अवघड त्यासाठी. दुसऱ्या बाजारापर्यंत म्हसू पन्नास आकड्यांवर आला आणि त्यानं तीनदा घंटा वाजवली. एकदा तर शाळा सुटायच्या तासभर आधी वाजवली आणि निम्मी पोरं घरी गेली.

इथंच एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती मनाला लागून आहे. त्या हंगामात ऊसतोडीच्या कोपीवरची, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली, एक मुलगी माझ्याकडे बसायची, शेवंता नावाची. पूर्वेकडच्या कोरड्या भागातून तिचे आईबाप ऊस तोडायला आले होते. ही कधी उठायची नाही, बोलायची नाही. दाराकडे बघत बसायची. मी तिला सारखे चिंचोके द्यायचे, गप्प बसते म्हणून. हंगाम संपला, ते लोक गेले, आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्या पोरीला एक गाणंसुद्धा येत नव्हतं. तिचंही लक्ष टिकत नव्हतंच, फक्त ती कोणाला त्रास देत नव्हती. ज्यानं खिडकीतून उड्या मारल्या त्याच्यासाठी मी पोस्टकार्ड लिहिलं, आणि हिच्यासाठी काहीच केलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत मी गप्प मुलांकडे आधी बघायला शिकले, पण शेवंताला त्याचा काय उपयोग?

तर म्हसू. घरीही हेच व्हायला हवं, नाहीतर बालवाडीत केलेलं घरी विरघळतं, असं मालतीताई सांगायच्या. म्हणून मी चंद्राबाईला ओंजळभर चिंचोके दिले आणि सांगितलं, की म्हसू बसला की एक द्यायचा, दिवसाला पाच. तिनं पदरात नीट बांधून घेतले. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी ती आली.

"बाई, औशध संपलं. आनखी द्या. गुन येतोय."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी विचारलं, कसलं औषध? मग सगळं बाहेर आलं. चंद्राबाई ते चिंचोके रोज खापरीवर भाजायची, टरफल काढायची, फोडून बारीक तुकडे करायची आणि म्हसूला चघळायला द्यायची. दुष्काळात भाजलेले चिंचोके सगळ्यांनीच खाल्ले होते, त्यामुळे त्यात काही वावगं कोणाला वाटलं नव्हतं. बाईंनी दिलेत म्हणजे त्यात काही गुण असणार, इतकंच. सकाळी एक, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. औषध घेताना उठायचं नाही, तोंड उगवतीकडे करायचं, आणि औषध चालू असताना घरातल्या कोणी पोरावर ओरडायचं नाही, नाहीतर गुण जातो. हे नियम तात्यांनी घातले होते. आणि नातवाला काय चारताय ते आपण आधी खाऊन बघितलं पाहिजे, म्हणून तात्याही समोर बसून एकेक तुकडा घेत होते.

"तात्या बसतात?" मी विचारलं. मी त्यांना कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं.

चंद्राबाईनं तोंडाला पदर लावला. "मी लगीन हून आले तवापासनं पैल्यांदा बघितलं. च्याबी उभ्यानंच पेत्यात ते. पर औशधाला बसत्यात. उठाया लागलं की म्हसू हात धरतो त्येंचा."

मी आधी चिडले. चांगली पुण्याहून आलेली पद्धत, आणि यांनी तिचा काढा करून टाकला. मग रात्रभर विचार केला आणि लाज वाटली ती माझीच. भाजलेला चिंचोका चघळायला वेळ लागतो, तितका वेळ तो बसत होता. त्या घरात दिवसातून तीन वेळा, घरची मोठी माणसं त्याच्यासमोर बसत होती आणि कोणी ओरडत नव्हतं. मालतीताईंनी चार व्याख्यानांत जे सांगितलं ते तात्यांनी तीन नियमांत बसवलं होतं. मी जाऊन एवढाच बदल केला, की तुकडा आधी द्यायचा नाही, थोडं बसून झालं की द्यायचा, आणि बसायचा वेळ रोज चिमूटभर वाढवायचा. हे औषध नाही, हेही मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कोणीही विश्वास ठेवला नाही.

चौथ्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी बालवाडीला सुट्टी दिली. म्हसोबाच्या ओट्यापुढं लिंबाखाली मामा मांडी घालून बसला होता. सखारामनं वाटीत पाणी घेतलं होतं, वस्तऱ्याला धार लावत होता. या खेपेला बोकड नव्हतं, पाहुणे नव्हते, घरची चार माणसं आणि मी. माझ्या ओंजळीत भाजून फोडलेले चिंचोके होते. माझा बेत पक्का होता: वस्तऱ्याचा एक हात फिरला की एक तुकडा, मग दोन हात फिरले की एक, मग तीन फिरले की. थोडं बाजूला तात्या येरझाऱ्या घालत होते. बाजारात जाणारी बैलगाडी त्यांनी जुंपून रस्त्यावर उभी केली होती. ती गाडी मला दिसत होती आणि चंद्राबाईलाही दिसत होती.

म्हसू मामाच्या मांडीवर बसला. सखारामनं केस ओले केले. पहिला हात फिरला, मी तुकडा पुढं केला, त्यानं घेतला. दुसऱ्या हाताला त्याची मान वळली. तात्या इकडून तिकडं जात होते आणि त्याचे डोळे त्यांच्या मागं जात होते. सखारामनं वस्तरा उचलला. पुन्हा मान वळली आणि म्हसू उठून उभा राहिला. मी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

पण तो पळाला नाही. तो माझ्याकडे आला, माझ्या ओंजळीतले सगळे तुकडे त्यानं आपल्या मुठीत घेतले, तात्यांकडे गेला आणि त्यांचं धोतर ओढत त्यांना मामाच्या समोर आणून बसवलं. मग स्वतः परत मांडीवर जाऊन बसला. सखारामचा वस्तरा पुन्हा चालू झाला. थोड्या थोड्या वेळानं म्हसू हात लांब करून तात्यांच्या तळव्यावर एक तुकडा ठेवायचा. एकदा तात्या उठायला लागले, तर त्यानं तुकडा मागं घेतला. तात्या बसले. मी आकडे मोजायचे तेही विसरले. शेवटची झुलपं मामाच्या धोतरावर पडली तेव्हा चंद्राबाई मोठ्यानं रडायला लागली आणि तिच्याबरोबर मीही.

तात्यांनी मामाला सांगून गाडी सोडायला लावली. बैल दावणीला गेले. डागाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

म्हसू बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो पुढंही चळवळ्याच राहिला, पहिलीत दोन वर्षं काढली, नंतरच्या मास्तरांचा मार खाल्ला. आता त्याचा टेम्पो आहे, नगर-दौंड रस्त्यावर दिवसाला किती खेपा करतो त्याचं त्यालाच माहीत. काही माणसं फिरण्यासाठीच जन्माला येतात आणि त्यांना थोडं थांबायला शिकवलं तरी पुरतं. पण त्या दिवशी हे सगळं मला कळत नव्हतं. मला वाटत होतं, मी जिंकले. माझी पद्धत जिंकली. मी त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाले, "म्हसू, केवढा वेळ बसलास रे आज तू!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढी शिकलेली बाई आणि एवढं कसं कळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"मी कुटं बसलो, बाई?" तो म्हणाला. "मी तात्याला बसवत हुतो."

आणि तात्या अजून तिथंच बसले होते, तळवा पुढं करून.